एडिटरमधलं प्लगइन चूक दाखवत नाही, तरी सर्व्हिस पडते: कॉन्फिग फाइलची तपासणी कुठे आणि कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पायथनमध्ये लिहिलेली एक सर्व्हिस आहे, तिची सगळी सेटिंग्ज एका यॅमल फाइलमध्ये (सेटिंग्ज साध्या मजकुरात लिहायचं एक स्वरूप) आहेत. फाइल कशी असायला हवी याचा जेसन स्कीमा तुम्ही लिहिलात, व्हीएस कोड या एडिटरमध्ये रेड हॅटचं यॅमल प्लगइन टाकलंत आणि स्कीमा त्याला जोडलात. एडिटरमध्ये एकही लाल रेघ नाही. तरी दोन चुका थेट सर्व्हरवर पोचल्या. एकदा 'टाइमआउट'चं स्पेलिंग चुकलं आणि सर्व्हिसने काही न बोलता स्वतःची ठरलेली व्हॅल्यू वापरली. दुसऱ्यांदा शाखा बंद होण्याची वेळ १८:३० लिहिली होती आणि प्रोग्रॅमच्या हाती आले १११०; उघडण्याची वेळ ०९:३० मात्र नीट चालत होती. आता तुम्ही विचारता आहात, की प्लगइनमधलं कोणतं सेटिंग लावायचं राहिलं?

पहिल्या चुकीचं उत्तर प्लगइनमध्ये नाही, स्कीमात आहे. दुसरीचं उत्तर मुख्यतः स्कीमातही नाही. प्लगइन ज्या पार्सरने (मजकूर वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या कोडने) फाइल वाचतं आणि तुमचा प्रोग्रॅम ज्या पार्सरने वाचतो, ते दोन निराळे पार्सर आहेत, आणि त्या एकाच ओळीचा अर्थ दोघांनी वेगळा लावला. माझ्या कामात कॉन्फिगच्या ज्या चुका सर्वांत उशिरा सापडतात, त्यांतल्या बऱ्याच याच फटीतून आलेल्या असतात. म्हणून हा भाग खाली जरा सविस्तर लिहितो.

किती खोलात जायचं हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. फाइल एकच माणूस हाताने बदलत असेल आणि सर्व्हिस बंद पडली तर चहा होईपर्यंत कोणाचं अडत नसेल, तर नीट लिहिलेला स्कीमा आणि प्लगइन एवढं पुरेल. फाइल चार टीम बदलत असतील, एखादी स्क्रिप्ट तयार करत असेल, किंवा मूळ फाइल, प्रॉडक्शनची (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरची) फाइल आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला फाइलबाहेरून, सिस्टिमकडून मिळणाऱ्या व्हॅल्यू) यांची मिळून शेवटची सेटिंग्ज बनत असतील, तर एडिटरमधली तपासणी ही फक्त पहिली पायरी ठरते.

स्कीमाला हात लावण्याआधी एक खात्री करून घ्या: प्लगइन तुमचाच स्कीमा वापरतंय का? फाइल उघडलीत की खालच्या पट्टीत उजवीकडे स्कीमाचं नाव दिसतं. तिथे 'नो जेसन स्कीमा' असं असेल तर काहीच तपासलं जात नाहीये. लाल रेघ नसणं हे तेव्हाही अगदी तसंच दिसतं, आणि फसायला होतं ते इथेच. दुसरी शक्यता अशी, की प्लगइन स्कीमास्टोअर नावाच्या सार्वजनिक यादीतून फाइलच्या नावावरून स्कीमा आपण होऊन निवडतं. तुमच्या फाइलचं नाव एखाद्या प्रसिद्ध टूलच्या फाइलसारखं असेल, तर भलताच स्कीमा लागू होतो. मी जोडणी वर्कस्पेसच्या सेटिंग्जमध्ये न ठेवता यॅमल फाइलच्या पहिल्याच ओळीत, प्लगइनला समजणाऱ्या कॉमेंटमध्ये लिहितो, आणि स्कीमा त्याच रेपोत (कोड ठेवण्याच्या जागेत) ठेवून त्याचा सापेक्ष पाथ देतो. ती ओळ फाइलबरोबर फिरते. कोणी व्हीएस कोडऐवजी निओव्हिम हा एडिटर वापरत असेल तरी मागे तोच लँग्वेज सर्व्हर (एडिटरसाठी तपासणी करणारा प्रोग्रॅम) असल्याने तिथेही चालते. स्कीमा एखाद्या वेब पत्त्यावरून ओढत असाल तर आवृत्ती पक्की करा. नाहीतर आज चालणारी फाइल उद्या कोणीही न बदलता लाल होईल.

आता स्पेलिंगची चूक. जेसन स्कीमाचा पाया असा आहे, की जे सांगितलेलं नाही ते चालतं. 'प्रॉपर्टीज'मध्ये तुम्ही 'टाइमआउट' लिहिलंत याचा अर्थ 'हे सेटिंग असलंच तर असं हवं' एवढाच होतो. 'टाइमाउट' नावाच्या सेटिंगबद्दल स्कीमा काहीच बोलत नाही, म्हणून ते पास होतं. 'टाइमआउट' सक्तीचं केलेलं नव्हतं, कारण प्रोग्रॅमकडे त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. म्हणजे चुकीचं नाव चाललं आणि बरोबर नाव नसणंही चाललं. याला उपाय एकच: 'ॲडिशनल प्रॉपर्टीज' हे फॉल्स करा. आणि ते फक्त सर्वांत वरच्या पातळीवर नको, प्रत्येक आतल्या ऑब्जेक्टवर वेगळं लिहा, कारण ते खाली आपोआप उतरत नाही. लोकांना स्वतःच्या खुणा, टिपा जोडायच्या असतील तर त्यासाठी एक नाव ठरवून तेवढाच कप्पा मोकळा ठेवा.

इथे एक खाच आहे. 'ऑल ऑफ' वापरून दोन स्कीमे जोडले असतील आणि त्यातल्या एकावर ही बंदी घातली असेल, तर तो स्कीमा शेजाऱ्याने मान्य केलेली सेटिंग्जही नाकारतो. बंदी घालणाऱ्याला फक्त आपल्याच पातळीवरच्या 'प्रॉपर्टीज' दिसतात. यासाठी जेसन स्कीमाच्या २०१९-०९ या आवृत्तीत 'अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज' आलं. ते वापरण्यापूर्वी तुमचं प्लगइन, पाइपलाइनमधलं (कोड सर्व्हरवर जाण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्यांमधलं) टूल आणि पायथनमधली लायब्ररी, तिघंही ती आवृत्ती मानतात ना ते पाहा. मी अजूनही शक्य तिथे ड्राफ्ट-०७ ही त्याआधीची आवृत्ती वापरतो आणि स्कीमा सपाट ठेवतो. थोडी पुनरुक्ती होते, पण सगळी टूल्स एकच निकाल देतात.

स्कीमा लिहितानाच्या आणखी काही गोष्टी पटकन सांगतो, कारण प्रत्येकीमुळे चूक विनातक्रार निसटते. 'पॅटर्न' मजकुरात कुठेही जुळला तरी पास होतो, म्हणून सुरुवातीची आणि शेवटची खूण स्वतः घालावी लागते. 'फॉरमॅट' लिहिलं म्हणजे ईमेल किंवा वेब पत्ता तपासला जाईलच असं नाही. पायथनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत फॉरमॅट चेकर वेगळा द्यावा लागतो, एजेव्हीमध्ये (जावास्क्रिप्टमधली तशीच लायब्ररी) वेगळं पॅकेज जोडावं लागतं. 'डिफॉल्ट' ही केवळ माहिती आहे, ती व्हॅल्यू फाइलमध्ये कोणी भरत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे स्कीमातल्याच शब्दाचं स्पेलिंग चुकलं, उदाहरणार्थ 'रिक्वायर्ड'चं, तर अनोळखी शब्द म्हणून ते सोडून दिलं जातं. एजेव्ही सातव्या आवृत्तीपासून कडक मोडमध्ये याची तक्रार करतं, पायथनची लायब्ररी करत नाही.

म्हणून स्कीमासाठी चाचण्या लिहा असं मी आग्रहाने सांगतो, आणि त्यांत मुद्दाम बिघडवलेल्या फाइल हव्यात. चुकीचं स्पेलिंग असलेली एक, पोर्ट ७०००० असलेली एक, सक्तीचं सेटिंग गाळलेली एक. यांतली प्रत्येक फाइल नापास झालीच पाहिजे, आणि ठरलेल्या कारणानेच झाली पाहिजे. फक्त बरोबर फाइल पास होते हे पाहिलंत तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रिकामा स्कीमाही तिला पास करतो.

आता १११० कडे येऊ. यॅमलची १.१ ही आवृत्ती २००५ची, १.२ ही २००९ची. १.१ मध्ये अपूर्णविरामाने जोडलेले आकडे साठ पाया असलेल्या पद्धतीतला पूर्णांक म्हणून वाचले जातात. १८ गुणिले ६० अधिक ३०, झाले १११०. तुमची पाययॅमल लायब्ररी १.१ च्या नियमांनी चालते. प्लगइन मात्र मुळात १.२ धरून चालतं, आणि १.२ मध्ये १८:३० हा साधा मजकूर असतो. तुमच्या स्कीमाने 'मजकूर हवा, दोन अंक, अपूर्णविराम, दोन अंक' असं म्हटलं, प्लगइनला तसंच दिसलं, त्याने मान डोलावली. ज्याने प्रत्यक्षात फाइल वाचली त्या पाययॅमलला तिथे पूर्णांक दिसला. उघडण्याची वेळ ०९:३० मात्र नीट चालत होती असं तुम्ही लिहिलंय. त्याचंही कारण हेच आहे: पाययॅमलच्या नियमात असा आकडा शून्याने सुरू होऊन चालत नाही, म्हणून ०९:३० मजकूरच राहतो. अर्धी वेळापत्रकं बरोबर आणि अर्धी चूक, असा कोड्यात टाकणारा प्रकार त्यातूनच होतो.

शाखांच्या त्याच यादीत एसटीडी कोडही आहेत, तर तेही लगेच तपासा. तिथे याहून वाईट घडू शकतं. १.१ मध्ये शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा (आठ पाया, अंक फक्त ० ते ७) मानला जातो. अवतरण चिन्हांशिवाय लिहिलेला पुण्याचा ०२० पाययॅमल १६ म्हणून वाचतो, मुंबईचा ०२२ होतो १८, नागपूरचा ०७१२ होतो ४५८. पणजीचा ०८३२ मात्र जसाच्या तसा मजकूर राहतो, कारण त्यात ८ आहे आणि अष्टमानात ८ हा अंकच नाही. आता हेच प्लगइनच्या बाजूने पाहा. १.२ नुसार ०२० म्हणजे २० आणि ०८३२ म्हणजे ८३२. स्कीमा मजकूर मागत असेल तर एडिटरमध्ये चारही लाल होतील, पणजीसुद्धा, जिथे प्रोग्रॅमला काहीच अडचण नव्हती. म्हणजे एके ठिकाणी प्लगइन खरी चूक सोडून देतं आणि दुसरीकडे चालणाऱ्या ओळीवर लाल रेघ मारतं. दोष प्लगइनचा नाही. ते आपल्या आवृत्तीशी प्रामाणिक आहे.

यावर करायचं काय? वेळ, फोन, पिनकोड, आवृत्ती क्रमांक, यांतलं काहीही असेल तर अवतरण चिन्हांत लिहा. आवृत्ती ३.१० चा अवतरणांशिवाय ३.१ होतो, तोही दोन्ही नियमांत. अडचण अशी, की अवतरण चिन्हं आहेत की नाहीत हे स्कीमाला दिसत नाही. स्कीमा पार्सरनंतर येतो आणि तोवर ती गळून गेलेली असतात. ते काम यॅमललिंटचं, म्हणजे यॅमलचा मूळ मजकूर तपासणाऱ्या टूलचं. त्यात मजकुराला अवतरण सक्तीचं करणारा, अष्टमान आकडे नाकारणारा आणि 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' पकडणारा, असे वेगवेगळे नियम आहेत. हे चार शब्दही १.१ मध्ये बुलियन (ट्रू किंवा फॉल्स) होतात. नॉर्वेचा देशसंकेत 'एनओ' फॉल्स होऊन बसतो तो त्यामुळेच.

दुसरा मार्ग दोन पार्सर एका आवृत्तीवर आणण्याचा. प्लगइनमध्ये यॅमलची आवृत्ती ठरवणारं सेटिंग आहे, ते १.१ करता येतं. प्लगइनचं राहून गेलेलं सेटिंग म्हणायचंच असेल तर ते हे. नाहीतर प्रोग्रॅममध्ये पाययॅमलऐवजी रुआमेल यॅमल वापरा, ती मुळात १.२ धरते. नवं काम असेल तर मी दुसरा मार्ग घेतो. जुन्या कामात लायब्ररी बदलण्याआधी सगळ्या फाइल दोन्ही लायब्रऱ्यांनी वाचून निकाल शेजारी ठेवून पाहा, कारण कुठेतरी एखादा 'येस' वर्षानुवर्षं बुलियन म्हणून काम करत असतो आणि तो अचानक मजकूर होईल.

एवढं करूनही मी शेवटचा भरवसा प्लगइनवर ठेवत नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला चाचणीचा पर्याय देऊन चालवता येतं, एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) सर्व्हरला तसाच पर्याय आहे, प्रोमिथियस या देखरेखीच्या टूलबरोबर फाइल तपासणारं प्रॉमटूल येतं. या सगळ्यांत प्रोग्रॅम स्वतःच्याच कोडने फाइल वाचतो, चूक सांगतो आणि काहीही सुरू न करता थांबतो. तुमच्या सर्व्हिसलाही असा एक पर्याय द्या. त्यात क्रम असा हवा: प्रोग्रॅमचाच लोडर वापरून फाइल वाचा, मूळ आणि प्रॉडक्शनच्या फाइल एकत्र करा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या व्हॅल्यू त्यावर चढवा, आणि जी शेवटची सेटिंग्ज हाती येतील ती त्याच स्कीमाने तपासा. हेच फंक्शन सर्व्हिस सुरू होताना पोर्ट उघडण्याआधी चालवा, आणि हेच पाइपलाइनमध्ये डिप्लॉयच्या (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याच्या) आधी. स्कीमा एक, फंक्शन एक, जागा दोन. प्लगइन त्याच स्कीमाची फाइल वापरतं, त्यामुळे वेगळं काही सांभाळावं लागत नाही.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा उल्लेख मुद्दाम केला. ते प्लगइनला कधीच दिसत नाहीत, आणि ते नेहमी मजकूर असतात. पायथनमध्ये 'फॉल्स' हा रिकामा नसलेला मजकूर आहे, म्हणून त्याला सरळ बुलियनमध्ये बदललंत तर ट्रू मिळतं. एखादी सोय बंद करायला म्हणून लिहिलेलं व्हेरिएबल ती चालू करून ठेवतं. म्हणून मजकुराचं योग्य प्रकारात रूपांतर आधी करा, स्कीमा त्यानंतर चालवा.

'सगळं प्रोग्रॅममध्येच तपासायचं तर प्लगइन हवंच कशाला,' असं मनात येईल. त्याची खरी कारणं आहेत. एकच नाव दोनदा लिहिलं असेल तर पाययॅमल पहिलं टाकून शेवटचं ठेवतं आणि काही बोलत नाही. त्यानंतर चालणाऱ्या स्कीमाला ते कळण्याचा मार्गच उरत नाही. प्लगइन मूळ मजकूर पाहतं, म्हणून ते दुहेरी नाव तिथल्या तिथे दाखवतं. शिवाय स्कीमातलं 'डिस्क्रिप्शन' कर्सर नेताच दिसतं, आणि 'इनम'मधल्या (चालणाऱ्या पर्यायांच्या यादीतल्या) व्हॅल्यू टाइप करताना सुचवल्या जातात. टाइमआउट सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत, हे लिहिणाऱ्याला त्याच क्षणी कळलं तर पुढची चूक होतच नाही. मी तर एकक सेटिंगच्या नावातच घालतो, वर किमान आणि कमाल मर्यादा देतो. ३०००० सेकंदांचा टाइमआउट कोणाला मुद्दाम हवा असेल असं मला वाटत नाही.

स्कीमाच्या आवाक्याबाहेरचंही काही आहे. कनेक्शनची किमान संख्या कमाल संख्येपेक्षा लहान हवी, हे प्रमाणित जेसन स्कीमात लिहिताच येत नाही. एका सेटिंगच्या व्हॅल्यूची तुलना दुसऱ्याशी करायची सोयच त्यात नाही. दिलेला फोल्डर अस्तित्वात आहे का, डेटाबेस उत्तर देतो का, हे तर फाइलचे प्रश्नच नव्हेत. तुलना वरच्या फंक्शनमध्ये साध्या कोडने लिहा. डेटाबेस पोचतो का हे मात्र त्यात घालू नका. पाइपलाइनच्या मशीनवरून प्रॉडक्शनचा डेटाबेस दिसत नसतो आणि दिसूही नये. ती तपासणी सर्व्हिस सुरू होताना, वेगळी.

चुकीचे संदेश हा अजून एक विषय, ज्याकडे लोक शेवटी बघतात. 'वन ऑफ' वापरलंत तर 'दिलेल्यांपैकी कोणत्याच स्कीमात बसत नाही' अशा अर्थाचा एक लांबलचक संदेश येतो, आणि रात्री जागा झालेला माणूस त्यातून काहीही काढू शकत नाही. कॅश (तात्पुरता साठा) मेमरीत आहे की रेडिस या वेगळ्या डेटा सर्व्हरमध्ये, अशा निवडीसाठी प्रकार सांगणारं एक सेटिंग ठेवा आणि ड्राफ्ट-०७ पासून असलेलं 'इफ', 'देन' वापरा. मग संदेश नेमका येतो: प्रकार रेडिस आहे आणि होस्ट दिलेला नाही. पायथनच्या लायब्ररीतलं साधं 'व्हॅलिडेट' एकच चूक सांगून थांबतं. 'इटर एरर्स' वापरून सगळ्या एकदम दाखवा, म्हणजे पाच चुकांसाठी पाच फेऱ्या होणार नाहीत.

पायडँटिक (डेटाची रचना पायथनमध्ये 'मॉडेल' म्हणून लिहून तपासणारी लायब्ररी) आधीपासून वापरत असाल तर स्कीमा हाताने लिहूच नका. २०२३ साली आलेली दुसरी आवृत्ती मॉडेलवरून जेसन स्कीमा तयार करून देते. तो फाइलमध्ये साठवून प्लगइनला द्या, आणि मॉडेल बदलूनही फाइल जुनीच राहिली तर पाइपलाइन अडेल असं करा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पायडँटिक अनोळखी सेटिंग्ज मुळात नुसती सोडून देतं, ती नाकारायला सांगावं लागतं. तसं सांगितलंत की तयार होणाऱ्या स्कीमातही बंदी येते. आणि पहिल्या आवृत्तीवर असाल तर ती पूर्णांकाचा मजकूर परस्पर करून टाकते. पुण्याचा कोड '१६' म्हणून साठवला जाईल आणि कुठेच ओरड होणार नाही. दुसरी आवृत्ती तिथे चूक दाखवते. तेवढ्यासाठीही आवृत्ती बदलणं मला पटतं.

थोडक्यात, तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन: प्रत्येक पातळीवर अनोळखी नावांना बंदी, बिघडवलेल्या फाइलींच्या चाचण्या, यॅमलच्या आवृत्तीचा निर्णय, मग प्रोग्रॅमचा तपासणीचा पर्याय. बंदी घातल्यावर जुन्या फाइलींतून बऱ्याच गोष्टी बाहेर येतील. कधीच न वाचली गेलेली सेटिंग्ज, जुनी नावं, कोणीतरी प्रयोगासाठी टाकलेल्या ओळी. म्हणून आधी पाइपलाइनमध्ये फक्त इशारा द्या, डिप्लॉय अडवू नका. ज्यांच्या फाइल आहेत त्यांच्याबरोबर बसून त्या साफ करा, आणि मगच सक्ती आणा. पहिल्याच दिवशी सगळ्यांचं डिप्लॉय अडलं तर लोक तपासणी बंद करण्याचा रस्ता शोधतात, आणि तो रस्ता पुढे कायमचा राहतो.

सक्ती आणण्याआधी लॉगही एकदा पाहा. पायथनच्या जेसनस्कीमा लायब्ररीची चूक जशीच्या तशी छापलीत तर त्यात नापास झालेली व्हॅल्यूही छापली जाते. ती व्हॅल्यू डेटाबेसचा पासवर्ड असू शकते, आणि पाइपलाइनचा लॉग अख्ख्या टीमला दिसतो. म्हणून सेटिंगचा पूर्ण पाथ आणि मोडलेला नियम एवढंच छापा. कोणता नियम मोडला हे चुकीच्या ऑब्जेक्टमध्ये वेगळं मिळतं, पाथही वेगळा मिळतो, त्यामुळे संदेश स्वतः जुळवणं अवघड नाही.